परवान्याबाहेरचे रसिक

आपल्या सुशिक्षित वर्गांत एक समजूत फार दिवसांपासून ठाण मांडून बसली आहे. ती अशी कीं, जी कला खरोखर थोर असते तिला यथाकाल जगाची मान्यता मिळतेच. आणि ज्या गाण्याला दोनचारशें माणसांपलीकडे कोणी विचारीत नाहीं, त्या गाण्यावर जीव टाकणारे लोक एक तर अपक्व असले पाहिजेत, नाहीं तर विक्षिप्त. घरांतला मुलगा जगाला अपरिचित अशा एखाद्या वाद्यवृंदाच्या नादीं लागला, समानधर्मी चारपांच सोबती जमवून रात्र रात्र तींच तींच गाणीं ऐकूं लागला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कपाळीं आठी उमटते. "हें कसलें गाणें? हें ऐकतें तरी कोण? ह्याचा उपयोग काय?" हे तीन प्रश्न ठरलेले आहेत. विद्वान मंडळी हेच प्रश्न जरा भारदस्त भाषेंत विचारतात, एवढाच काय तो फरक.

हे तीनहि प्रश्न गैर आहेत, इतकेंच नव्हे तर त्यांच्या बुडाशीं असलेली वृत्ति समाजाच्या स्वातंत्र्यास घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणी म्हणेल, गाण्याबजावण्याच्या हौशीवर एवढा मोठा सिद्धांत उभारण्याचें कारण काय? कारण आहे, आणि तें केवळ तर्कानें न सांगतां घडलेल्या गोष्टीच्या आधारें सांगणें बरें. ती गोष्ट आपल्या देशांतली नाहीं. पण शहाण्या माणसानें दुसऱ्याच्या ठेंचेनेंहि शहाणें व्हावें.

१९६८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत सोव्हिएट रशियाचे व त्याच्या दोस्त राष्ट्रांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियांत शिरले आणि त्या देशांत नुकतीच उमलूं लागलेली विचारस्वातंत्र्याची कळी त्यांनीं चिरडून टाकली. त्याच वर्षाच्या अखेरीकडे प्राग शहरांत मिलान ह्लावसा नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें कांहीं मित्र जमवून एक वाद्यवृंद काढला. त्याचें नांव 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. नांव अमेरिकन संगीतकार फ्रँक झाप्पा यांच्या एका गाण्यावरून उचललेलें. आदर्श न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' ह्या मंडळीचा. ही न्यूयॉर्कची मंडळीहि त्या काळीं स्वदेशांत फारशी खपणारी नव्हती. म्हणजे एकीकडच्या मूठभर रसिकांना जें आवडलें, तें हातोहात दूरच्या दुसऱ्या मुठींत जाऊन पडलें, असा हा प्रकार होता. ह्या मुलांना राजकारण करावयाचें नव्हतें. त्यांना आपल्याला आवडतें तसें वाजवावयाचें होतें.

पण नव्या राजवटीला 'आपल्याला आवडतें तसें' हे शब्दच खपण्यासारखे नव्हते. सार्वजनिक ठिकाणीं गाणेंवाजवणें करणाऱ्यांनीं सरकारी परीक्षकांपुढें हजर व्हावें, केस, पोषाख, नांव व गाण्याचे शब्द त्यांच्या पसंतीस उतरवावे, मग परवाना मिळवावा, असा दंडक त्या देशांत बसविण्यांत आला. ह्या मंडळीचा परवाना १९७० सालीं गेला. परवान्याबरोबर सरकारी मालकीचीं वाद्यें गेलीं व मोबदला घेऊन वाजविण्याचा हक्कहि गेला. तेव्हां त्यांनीं जुन्या रेडिओंचे भाग जमवून घरच्या घरीं ध्वनिवर्धक तयार केले. इव्हान यिरोउस नांवाचे एक कलेतिहासाचे जाणकार त्यांचे मार्गदर्शक होते. चित्रकार-संघाचे सभासद ह्या नात्यानें त्यांना व्याख्यानासाठीं सभागृह मिळत असे. ते अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यावर थोडा वेळ बोलत आणि मग विषयाचें 'प्रात्यक्षिक' म्हणून ही मंडळी पुष्कळ वेळ वाजवीत असे! व्याख्यानाचा इतका सदुपयोग आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

तीहि वाट बंद झाली तेव्हां रसिकांची खरी कसोटी लागली. कार्यक्रम खेड्यांतील खानावळींत, गोठ्यांत, कोणाच्या लग्नाच्या निमित्तानें होऊं लागले. जाहिरात नाहीं, तिकीट नाहीं. अमक्या दिवशीं अमक्या गांवीं, एवढा निरोप तोंडोतोंडीं जाई, आणि तोहि आयत्या वेळीं. माणसें आगगाडीनें जात व पुढें रानांतून पायीं चालत. १९७४ सालच्या मार्च महिन्यांत दक्षिण बोहेमियांतील रुदोल्फोव ह्या गांवीं असे कित्येक शें तरुण जमले असतां पोलिसांनीं कार्यक्रम होऊंच दिला नाहीं. ऐकावयास आलेल्या मुलांना सोट्यांनीं झोडपून आगगाडींत कोंबून परत पाठविलें. पुढें कित्येकांचीं नांवें विद्यालयांच्या पटावरून गेलीं. वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें कीं, हा मार वाजविणाऱ्यांना नव्हता, ऐकणाऱ्यांना होता.

१९७६ च्या फेब्रुवारींत बोयानोव्हित्से येथें यिरोउस यांच्या लग्नानिमित्त मोठा मेळा झाला आणि पुढच्याच महिन्यांत धरपकड सुरू झाली. सप्टेंबरांत प्रागच्या न्यायालयांत चौघांवर खटला चालला. आरोप शांतताभंगाचा, म्हणजे सरळ भाषेंत गुंडगिरीचा! यिरोउस यांना अठरा महिने, कवि-गायक पावेल झायीचेक यांना बारा महिने, आणि सॅक्सोफोन वाजविणारे ब्राबेनेत्स व धर्मोपदेशक-गायक कारासेक यांना आठ आठ महिने अशी कैद झाली. ज्या गाण्यांसाठीं हें सारें झालें त्यांत एगोन बाँडी ह्या कवीची बद्धकोष्ठावरची एक कविताहि आहे. रणगाडे बाळगणाऱ्या सत्तेला बद्धकोष्ठावरच्या गाण्याचें भय वाटावें, ह्यापरतें त्या सत्तेच्या प्रकृतीचें निदान दुसरें कोणतें करावें?

आतां आमच्या टीकाकारांचे आक्षेप क्रमानें घेऊं.

पहिला आक्षेप असा कीं, हें संगीत मुळांतच हिणकस. घोगरा आवाज, तीच तीच जड स्वरावली, मधून व्हायोलाचे ओरखाडे व सॅक्सोफोनचा आक्रोश. ह्याला गाणें म्हणावें काय? आमचें उत्तर सोपें आहे. वाचकांना तें आवडावें असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. ज्यांचा कान अब्दुल करीमखांसाहेबांच्या सुरांवर घडला, त्यांना हें ऐकतांना कष्ट होतील हें आम्ही जाणतों. पण एखाद्याची आवड आपल्याला पटते कीं नाहीं, हा एक प्रश्न. आणि ती आवड बाळगण्यास व वांटून घेण्यास त्याला मोकळीक आहे कीं नाहीं, हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्याचें उत्तर देऊन दुसरा निकालांत काढणें हाच तर त्या प्रागच्या परीक्षकांचा उद्योग होता. शिवाय, जें श्रवणसुखद तेवढेंच संगीत, हा नियम तरी कोणी घालून दिला? भयाण काळांत भयाण सूर हाच प्रामाणिक सूर असूं शकतो. ज्या देशांत सरकारमान्य गाणीं सदा प्रसन्न असत, त्या देशांतल्या तरुणांना हा कर्कश सूर आपल्या मनांतला वाटला, ह्यांत नवल कसलें?

दुसरा आक्षेप परक्याच्या अनुकरणाचा. नांव अमेरिकन, आदर्श अमेरिकन. आरंभीं तर ही मंडळी इंग्रजीच गात असे, आणि इंग्रजी शब्दांच्या अडचणीसाठीं पॉल विल्सन नांवाचा एक कॅनेडियन शिक्षक त्यांनीं हाताशीं धरला होता. हें सर्व खरें. पण पुढची हकीकतहि सांगितली पाहिजे. ब्राबेनेत्स मंडळींत आले तेव्हां, गावयाचें तर आपल्या भाषेंत, असा आग्रह त्यांनीं धरला. आणि मग हे लोक आपल्याच देशांतल्या, छापखान्याचें दार बंद झालेल्या कवींच्या कवितांना चाली देऊं लागले. परक्याचें प्रेम हा त्यांना स्वभाषेकडे नेणारा जिना ठरला. केशवसुतांनीं इंग्रजी सुनीताचा सांचा घेतला म्हणून मराठी कविता परकी झाली काय? ज्याचें प्रेम खरें असतें तो आज ना उद्यां आपल्या आवाजांत बोलूं लागतो. अनुकरणाचें भय खऱ्या भक्ताला नसतें, फॅशनवाल्याला असतें.

तिसरा आक्षेप सर्वांत धूर्त आहे. ह्या मंडळीची कीर्ति झाली ती राजकारणामुळें, संगीतामुळें नव्हे. सरकारनें त्यांना तुरुंगांत घातलें नसतें तर आज त्यांचें नांवहि कोणी घेतलें नसतें. आम्ही म्हणतों, हा आक्षेप नेमका उलटा वाचला पाहिजे. सरकारनें त्यांना तुरुंगांत कां घातलें? त्यांनीं सभा भरविल्या नाहींत, पत्रकें काढलीं नाहींत, कोणाला पदच्युत करा असें म्हटलें नाहीं. त्यांचा अपराध एवढाच कीं, त्यांच्यामुळें कांहीं शें माणसें सरकारची परवानगी न घेतां एकत्र येत आणि एकाच गोष्टीवर प्रेम करीत. सत्तेला ह्या प्रेमाचें राजकीय मोल आमच्या विद्वानांपेक्षां अधिक चांगलें कळलें होतें, असेंच म्हणावें लागतें.

तें मोल कोणतें, हें आतां पाहूं. उघड्या बाजारांत ध्वनिफीत विकत घ्यावयास कोणाच्या ओळखीची गरज नसते; पैसे टाकले कीं काम झालें. पण जी ध्वनिफीत विकतच मिळत नाहीं, ती कोणीतरी आपल्याला विश्वासानें द्यावी लागते. एका फितीवरून दुसरी उतरवावयाची, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक उतारा आधींच्यापेक्षां जास्त खरखरणारा. कार्यक्रमाचा निरोप द्यावयाचा तर तो कोणाला द्यावा, कोणाला देऊं नये, हें पारखावें लागतें. पुढें १९७९ सालीं ह्याच वर्तुळांतून 'वोक्नो', म्हणजे बोलीच्या उच्चारांत 'खिडकी', ह्या नांवाचें एक चोरटें नियतकालिक निघूं लागलें, आणि त्यापायीं १९८२ सालीं यिरोउस यांना पुन्हां साडेतीन वर्षांची कैद झाली. सांगण्याचा मुद्दा हा कीं, भीतीनें ज्या समाजांत शेजारी शेजाऱ्याशीं मोकळेपणें बोलत नव्हता, त्या समाजांत ह्या हौशी लोकांनीं गाण्याच्या निमित्तानें विश्वासाचीं हजारों सूक्ष्म सूत्रें विणलीं. नागरिकत्वाचें पहिलें शिक्षण ह्याहून वेगळें काय असतें?

आणि तीं सूत्रें तुटूं लागलीं तेव्हां आश्चर्य घडलें. चाळिशीला टेकलेले नाटककार वात्स्लाव हावेल यांनीं यिरोउस यांच्याकडून ह्या मंडळीच्या फिती ऐकल्या, आणि धरपकड होतांच ते त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. हुसर्लचे शिष्य, सत्तरीच्या उंबरठ्यावरचे तत्त्वज्ञ यान पातोच्का पुढें आले. वृद्ध कवि यारोस्लाव सायफर्ट, ज्यांना पुढें १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं आपली सही दिली. ह्यांपैकीं सर्वांनाच तें संगीत आवडत होतें असें मानण्याचें कारण नाहीं. पण आज ह्या केसाळ पोरांच्या आवडीला संरक्षण नसेल, तर उद्यां आपल्या कवितेला व तत्त्वचिंतनालाहि नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. त्या जवळिकींतून १९७७ च्या जानेवारींत 'चार्टर ७७' ही सनद निघाली. आरंभीं तिच्यावर अडीचशेंहूनहि कमी सह्या होत्या. पातोच्का यांची लांबलचक पोलिसी चौकशी झाली आणि मार्चमध्यें ते वारले. ती सनद मात्र जगली. १९८९ सालच्या डिसेंबरांत हावेल राष्ट्राध्यक्ष झाले, आणि सनदेला वीस वर्षें झालीं त्या १९९७ सालीं ती विखुरलेली मंडळी पुन्हां एकत्र वाजविण्यास बसली. "ह्याचा उपयोग काय?" असें विचारणाऱ्यांस आणखी कोणता हिशेब हवा?

तरीहि उपयोगाच्या ह्या हिशेबावर आमचा भर नाहीं. ह्या प्रेमांतून सनद निघाली नसती, कोणी राष्ट्राध्यक्ष झाला नसता, तरीहि रुदोल्फोवच्या त्या मुलांची बाजू न्याय्यच राहिली असती. आवड ही फळावरून सिद्ध करावयाची वस्तु नव्हे. शिवाय त्या रसिकांना देव्हाऱ्यांतहि बसवूं नये. ज्यांच्या कविता ते गात त्या बाँडींचे गुप्त पोलिसांशीं संबंध होते, हें मागाहून दप्तरांतून उघड झालें. तेव्हां प्रेमिकाचा विश्वास कधीं कधीं दगा खातो, हेंहि खरें; पण त्या भयानें कोणावर विश्वासच न टाकणारा समाज आधींच दगावलेला असतो.

वाचक म्हणतील, हें सर्व परदेशचें; आपल्याकडे कोणी गाणें ऐकल्याबद्दल तुरुंगांत जात नाहीं. मान्य. ती तुलना आम्ही करीत नाहीं. पण परवान्याची वृत्ति आपल्याला अगदींच अपरिचित आहे काय? १९४० सालीं सरकारी नभोवाणीनें बाजाच्या पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें, आणि ती हद्दपारी सुमारें तीस वर्षें चालली. घरोघर, देवळांत, नाटकांत जी पेटी वाजत होती ती सरकारी कानाला अशुद्ध ठरली! १९५२ सालीं नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं चित्रपटगीतांवर लगाम घातला. केसकर विद्वान होते, त्यांचा हेतु अभिजात संगीताचा उद्धार हाच होता, हें आम्ही मोकळेपणें मान्य करतों. परंतु घडलें काय? श्रोत्यांनीं खुंटी पिळून रेडिओ सिलोन लावलें. गांवोगांवचे लोक पत्रें लिहून आपल्या आवडीचीं गाणीं मागूं लागले, एका संचाभोंवतीं आळींतली माणसें गोळा होऊं लागलीं; आणि अखेर १९५७ सालीं सरकारलाच 'विविध भारती' सुरू करून त्या आवडीपुढें मान तुकवावी लागली. सद्हेतूच्या हातांतला परवाना हाहि परवानाच असतो.

आणि त्याहूनहि जवळचें सांगावयाचें तर, तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्याची कथा आपल्या घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक आहे. त्या वह्या नदीनें परत दिल्या असें भाविक सांगतात. अभंग लोकांच्या ओठीं होते म्हणून ते वांचले, असेंहि सांगणारे आहेत. दुसरा अर्थ घेतला तर वारीच्या वाटेवर एकमेकांस अभंग देणारीं तीं निरक्षर माणसें हींच आपल्या भाषेंतलीं पहिलीं परवान्याबाहेरचीं रसिक माणसें होत. त्यांना कोणी विचारलें नव्हतें कीं, ह्या वाण्याच्या कवितेला मान्यता कोणाची?

मात्र एक शब्द आम्हांला रसिकांनाहि सुनावला पाहिजे. अप्रसिद्ध मंडळीवर प्रेम करणाऱ्यांत एक जात अशी आहे कीं, तिला गाण्यापेक्षां 'हें आम्हांलाच ठाऊक' ह्या गोष्टीचें सुख अधिक. चार लोकांना तें आवडूं लागलें कीं ह्यांना तें विटतें. ही रसिकता नव्हे. ही साठेबाजी आहे. परीक्षक दारावर बसून आंत कोणाला सोडूं नये म्हणतो, आणि हे महाशय आंत बसून तेंच म्हणतात. दोघांत भेद जागेचा, वृत्तीचा नाहीं. प्रागच्या त्या रसिकांना असली कृपणता परवडण्यासारखी नव्हती. दुसऱ्याला सांगितल्यावांचून त्यांचा कार्यक्रमच अस्तित्वांत येत नसे. वांटल्यानेंच जें टिकतें, त्याला विद्या म्हणतात असें आपलेंच सुभाषित शिकवितें. आवडीलाहि तोच न्याय लागू आहे.

आज आपल्याकडे परवाना देणारा परीक्षक खुर्चीवर बसलेला दिसत नाहीं, म्हणून तो नाहींसा झाला असें मात्र कोणी समजूं नये. त्याची जागा आंकड्यानें घेतली आहे. हातांतल्या यंत्रावर गाण्याखालीं किती लाख लोकांनीं तें ऐकलें ह्याची गणना झळकते, आणि ती पाहून आपण गाण्याची योग्यता ठरवितों. मुलगी म्हणते, "आई, हें ऐकून पाहा." आई विचारते, "कोण आहेत हे? कितीजण ऐकतात ह्यांना?" प्रश्न साधा, पण त्यांत प्रागचा परीक्षक लपलेला आहे. त्याला सोटा लागत नाहीं, खटला लागत नाहीं. केवळ उपहास पुरतो. आणि उपहासानें जें प्रेम घरांतच मरतें, त्याचा पंचनामा कोठेंहि होत नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. मुलांच्या आवडीची स्तुति करूं नका, तीहि एक प्रकारची परवानगीच होते. न आवडल्यास तसें स्पष्ट सांगा. मतभेदानें रसिकता वाढते. पण "कोण ऐकतें?" हा प्रश्न विचारूं नका. तुमच्यापुढें उभें असलेलें एक माणूस तें ऐकत आहे, आणि आपल्याजवळचें सर्वांत आवडतें तें तुम्हांला देऊं पाहत आहे. तेवढी साक्ष पुरेशी आहे. ज्या घरांत ती साक्ष ग्राह्य धरली जाते, त्या घरांतलीं मुलें पुढें दुसऱ्याच्या आवडीसाठीं उभीं राहण्याचें धैर्यहि शिकतील. तें धैर्य ज्या समाजांत नाहीं, तेथें परवाने देणारे कधींच बेकार होत नाहींत.